मदत हवी आहे: न मळता केलेला ब्रेड आतून गिच्च राहतोय

पीठ मळायचा मला मनापासून कंटाळा, त्यामुळे न मळता ब्रेड होतो हे कळल्यावर लगेच करून बघितला. पद्धत बऱ्याच जणांना माहीत असेल. न्यूयॉर्कचे बेकर जिम लेही यांची, २००६ साली वर्तमानपत्रात आल्यावर घरोघरी पोचलेली. ३ कप मैदा, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, सव्वा चमचा मीठ, दीड कपाहून थोडं जास्त पाणी. कालवायचं, झाकायचं, विसरून जायचं. १२ ते १८ तासांनी गोळा करून थोडा फुगू द्यायचा, मग तापलेल्या जाड भांड्यात टाकून २३० अंशांवर झाकण लावून अर्धा तास आणि झाकण काढून पंधरा-वीस मिनिटं भाजायचा.

तीनदा केला. वरून देखणा, खरपूस. कापला की सुरीला लगदा चिकटून येतो, आणि बुडाशी बोटभर थराला जाळी म्हणून नाही. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटं जास्त ठेवला तर पाठ करपली, आत तसाच. तिसऱ्यांदा यीस्ट दुप्पट केलं, तर आणखीच बसका झाला.

पीठ रात्री आठला भिजवते, दुसऱ्या दिवशी दोनला बघते. तोवर मधे खड्डा पडलेला असतो, दारूसारखा वास येतो आणि ओट्यावर काढलं की गोळा न होता पसरतं. यीस्ट नवीन आहे. चुकतंय कुठे? ‘मग मळूनच करा’ असं कृपया कोणी सांगू नका!

प्रतिसाद:
खड्डा आणि दारूचा वास, म्हणजे पीठ जास्त आंबलं. ते १८ तास साधारण २१ अंशांच्या खोलीचे आहेत. तुमच्याकडे किती असतं?

न मळता जमतं कारण भिजलेल्या पिठातली प्रथिनं वेळ दिला की आपापली जुळत जातात आणि त्यांचं जाळं, म्हणजे ग्लुटेन, तयार होतं. पण फार वेळ गेला की तेच जाळं तुटायला लागतं, मग हवा कोंडून राहत नाही. यीस्ट दुप्पट करून तुम्ही ती वेळ आणखी अलीकडे आणलीत. घड्याळ बघू नका, भांड्यावर बाहेरून खूण करा. दुप्पट झालं, वर बुडबुडे आले, मधला भाग अजून खचलेला नाही, तेव्हा काढा.

धागाकर्ती:
आत्ता बघितलं, ३१! हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरा प्रतिसाद:
मग आठ तासांपासूनच लक्ष ठेवा. आणखी तीन शंका. कप कसला? मैदा हलक्या हाताने भरला तर कपात १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५०. सरळ वजन करा: मैदा ४००, पाणी ३००, मीठ ८, यीस्ट १ ग्रॅम. भांडं किती तापवता? आणि ब्रेड कापता कधी?

धागाकर्ती:
कप म्हणजे हाताला येईल तो मग. भांडं दहा मिनिटं. आणि कापते... लगेच. तो वास सुटल्यावर थांबवत नाही हो.

दुसरा प्रतिसाद:
सापडलं की! भांडं रिकामंच, ओव्हनबरोबर अर्धा तास तापू द्या, बुडाचा थर त्यामुळेच कच्चा राहत असणार. आणि ब्रेड बाहेर काढला तरी आत वाफ असते, स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. तेव्हा कापला तर नीट भाजलेलाही चिकटच लागतो. जाळीवर निदान तासभर ठेवा. थर्मामीटर असेल तर मधोमध ९६-९८ अंश आले की झालाच समजा.

धागाकर्ती:
आज वजन करून केला. साडेनऊ तासांत दुप्पट झालं आणि पहिल्यांदाच चक्क गोळा वळता आला! भांडंही अर्धा तास तापवलं. वर मोठी मोठी जाळी, बुडाशी अजून नखभर ओलसर. पण तासभर थांबले नाही, चाळीस मिनिटांत सुरी घातली. पुढच्या वेळी सुरीच लपवून ठेवायला सांगते घरच्यांना.