‘खाक्या’ हा शब्द दूषणाचाच आहे का?

महालकर:
लंडन आणि आयर्लंड येथील जुन्या पोलीसपद्धतींची तुलना करणाऱ्या लेखाचा अनुवाद करीत आहे. लंडनमध्ये १८२९ साली उभारलेल्या दलाला, ते लष्कर वाटू नये म्हणून, निळा गणवेश दिला गेला आणि शिपाई सहसा दंडुक्यावरच गस्त घालीत. आयर्लंडचे दल मात्र बंदुका बाळगून बराकींत राहणारे होते. ‘पोलिसी खाक्याच्या दोन तऱ्हा’ असे मी लिहिले, तर संपादकांनी ‘खाक्या म्हणजे दमदाटी’ म्हणत ते खोडून ‘कार्यशैली’ केले. आमची आजी मात्र ‘मामंजींचा खाक्याच असा, की दारी आलेला उपाशी जायचा नाही’ असे कौतुकाने म्हणत असे.

बर्डीवाला:
संपादकांचे बरोबर आहे. खाकी वर्दीवरून खाक्या आला, म्हणून त्यात दरारा असणारच.

धंतोलीकर:
ही व्युत्पत्ती मला पटत नाही. खाकी हे ‘खाक’ म्हणजे धुळीवरून आले. खाक्या मात्र ‘खाका’, म्हणजे आराखडा, यावरून आला असावा. आजींचा प्रयोग त्यामुळेच रास्त ठरतो. दोष ‘पोलिसी’ या विशेषणाचा आहे; हिसका, पाहुणचार, काहीही त्याला जोडा, अर्थ बिघडतो. १८६१ च्या कायद्याने आपल्याकडे आलेल्या व्यवस्थेवर लंडनपेक्षा आयरिश नमुन्याची छाप अधिक होती, हे त्यामागचे कारण मला मोठे वाटते.

उमरेडकर:
मग ‘पोलीस पाटील’ हा शब्द का बिघडला नाही? आमच्या गावी बांधाचे भांडण झाले की लोक आधी त्यांच्याच ओसरीवर जात, कारण त्यांना दोन्ही घरांच्या तीन पिढ्या ठाऊक असत. शब्दाला वास लागतो तो माणसाच्या वागण्याचा.

बर्डीवाला:
तरीही परका शब्द कशासाठी वापरावा? शिवनी-छिंदवाड्याकडे ठाण्यांच्या पाट्यांवर ‘आरक्षी केंद्र’ असे स्वच्छ लिहिलेले असते.

उमरेडकर:
पाटीवर असते, तोंडी नसते. तिकडचा माणूस तक्रार घेऊन ‘थान्या’तच जातो. शिवाय ‘ठाणे’ हा शब्द तरी कुठे सौम्य आहे? तो मुळात फौजेच्या तळाचा, आणि तरी आपण तो निःसंकोच वापरतो.

धंतोलीकर:
ठाण्याचे मूळ संस्कृत ‘स्थान’ आहे. फौजेचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

महालकर:
लेख उद्या छापायला जायचा आहे. ‘कार्यशैली’ लिहिले, तर बराकीतला बंदूकधारी शिपाई आणि गल्लीत पायी फिरणारा शिपाई एकाच कचेरीतले कारकून वाटतात, ही माझी अडचण अजून तशीच आहे.

बर्डीवाला:
‘चौकी’चे मूळ कोणी पाहिले आहे का?