मुलाला भातुकली दिली तर बिघडलं कुठे?

रानजाई:
भाच्याच्या चौथ्या वाढदिवसाला सावंतवाडीची लाकडी भातुकली नेली. लाखेच्या रंगातलं पोळपाट-लाटणं, जातं, अंगठ्याएवढा खलबत्ता. पठ्ठ्या लगेच खाली बसून जात्यात चुरमुरे भरडायला लागला. त्याची आजी म्हणाली, "अगंबाई, मुलीचं गिफ्ट चुकून इकडे आलं वाटतं!" सगळे हसले आणि डबा कपाटावर गेला. ह्याच घरात त्याच्या बहिणीला रिमोटची गाडी मिळाली तेव्हा "आमची झाशीची राणी" म्हणून कोण कौतुक!

मुलींच्या हाती गाडी आली, छानच झालं. पण मुलाच्या हाती लाटणं द्यायला अजून आपला हात धजत नाही. उद्या हाच मुलगा "मला साधा चहा येत नाही" असं अभिमानाने सांगेल, तेव्हा दोष कुणाला द्यायचा?

तिरपागडे:
लाटण्यावरून थेट चहापर्यंत! आमच्या वाड्यात मुलं-मुली एकत्रच भातुकली खेळायचो, कुणाला काही वाटत नसे. ही स्टिरिओटाइप वगैरेची फॅडं आत्ताची.

पेठेतली:
एकत्र खेळायचो, खरंय. पण तुमच्याकडे खातं कुठलं असायचं, तेही सांगा की. मुलगे जिन्याखाली जाऊन उभे राहायचे, ते ऑफिस. तिथून आले की पंगतीला बसून चुरमुऱ्याचे लाडू हादडायचे. बोळकी विसळायला आम्ही. दिवाळीत किल्ल्याची माती कालवून द्यायचीही आम्हीच. मावळे मांडायची वेळ आली की "तू जा, रांगोळी काढ."

तिरपागडे:
लाडू मी वाटून खायचो. बाकी आरोपांवर नो कमेंट्स.

गणोबा:
थोडं निसर्गालाही विचारा. २००२ साली व्हर्व्हेट जातीच्या माकडांसमोर खेळणी ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. नर चेंडू आणि मोटारीपाशी जास्त रमले, माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्यापाशी. माकडांना कार्टून चॅनेलवरच्या जाहिराती कुणी दाखवल्या होत्या? आमच्याकडे तिन्ही पोरांना एकच खेळण्यांची टोपली होती. मुलाने लाटण्याची बंदूक केली.

रानजाई:
त्या प्रयोगातलं भांडंच बघा ना. माकडिणीला कुठे आमटीला फोडणी द्यायची असते? भांडं 'बायकी' हे आपण ठरवलं, तिने नाही. चित्रांच्या पुस्तकाच्या आणि कापडी कुत्र्याच्या बाबतीत तर नर-मादीत फरकच दिसला नव्हता, तो भाग कुणी सांगत नाही. आणि माणसांवरचाही एक प्रयोग घ्या. १९७५ साली अमेरिकेत पिवळ्या कपड्यातलं तान्हं बाळ मोठ्यांकडे खेळवायला दिलं. "मुलगी आहे" असं सांगितलं की त्याच बाळापुढे बाहुली जास्त वेळा यायची. बाळाला बिचाऱ्याला निवड कुठली!

चिमणीची_आई:
मला ह्या चर्चेची दुसरी बाजू खुपते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला गुलाबी फ्रॉक, बाहुली, बाहुलीची वेणीफणी हेच आवडतं. एका पुरोगामी मैत्रिणीने तिला जेसीबी आणून दिला. लेकीने त्याच्या खोऱ्यात बाहुलीला झोपवलं. मैत्रिणीचा चेहरा पडला! बाहुली खेळणं हलकं आणि जेसीबी भारी, हे कुणी ठरवलं? हाही भेदभावच नाही का?

पेठेतली:
हे एकदम पटलं. बाहुली हलकी नाहीच, म्हणून तर ती मुलांनाही द्या म्हणतोय. बाळाला सांभाळायची सवय बापाला नको?

खेळणीवाला:
माझं खेळण्यांचं दुकान आहे, म्हणून धंद्याचं सांगतो. लाल सायकल ताईची झाली की धाकट्या भावाला चालते. गुलाबी, झालरवाली घेतली की भावासाठी दुसरी घ्यावी लागते. गणित एवढं सोपं आहे. लेगोची १९८१ ची जाहिरात शोधून बघा: दोन वेण्या, जीन्स आणि हातात स्वतः रचलेलं काहीतरी घेतलेली मुलगी. त्याच कंपनीने २०१२ मध्ये मुलींसाठी वेगळी मालिका काढली आणि ती धो धो खपली. आम्हीही गिऱ्हाइकाला आधी "मुलगा की मुलगी?" विचारतो, वय नंतर. न विचारलं तर गिऱ्हाईकच आधी सांगतं.

गणोबा:
म्हणजे लोकांनाच हवंय. मग तक्रार कसली? कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी भेद नसलेला विभाग ठेवायची सक्ती आहे. आता फळीवर काय मांडायचं हेही सरकार सांगणार?

रानजाई:
सक्ती मलाही नको. पण २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बाईबरोबर पुरुषही भाजी निवडताना दाखवला, त्याने कुणाचं काय बिघडलं? पुस्तकात चालतं ते खेळण्यात का नाही?

गणोबा:
पुस्तक सरकारचं, वाढदिवस घरचा.

चिमणीची_आई:
खेळणीवाले दादा, भातुकलीच्या खोक्यावर मुलाचा फोटो असलेला एकतरी सेट आहे का हो तुमच्याकडे?

खेळणीवाला:
आत्ताच बघून आलो. डॉक्टर सेटवर दोघं आहेत. किचन सेटवर सगळ्या मुलीच. तुळशीबागेतून आणलेली पितळी भातुकली सुटी आहे, तिला खोकंच नाही.