ग्राफीन ट्रान्झिस्टर बंदच होत नाही, डिरॅक पॉइंट +५५ व्होल्टवर. ट्रान्सफर चुकतंय का?

प्रश्न
२५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या फॉइलवर सीव्हीडीने (तापलेल्या वायूतून थर वाढवण्याची पद्धत) वाढवलेलं ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर ट्रान्सफर केलं, म्हणजे फॉइलवरून उचलून घेतलं आहे. वर आधाराला पीएमएमए (एक प्लास्टिक), तांबं अमोनियम परसल्फेटमध्ये विरघळवलं, एकदा पाण्यात धुतलं, चिपवर उचलून लगेच १५० अंशांवर ठेवलं, मग अ‍ॅसिटोन. मायक्रोस्कोपखाली केसासारख्या चिरा आणि काळपट तुकडे दिसतात. हवेत मोजलं तर डिरॅक पॉइंट (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या गेटच्या ज्या व्होल्टेजला प्रवाह सर्वात कमी असतो तो) +५५ व्होल्टला, ऑन-ऑफ गुणोत्तर (सर्वात जास्त आणि सर्वात कमी प्रवाहाचं) जेमतेम ५. सगळ्याचं मूळ एकच आहे का?

उत्तर १
नाही, वेगवेगळी आहेत. ऑन-ऑफ ५ हा दोषच नाही. ग्राफीनला बँडगॅप (इलेक्ट्रॉनना मनाई असलेला ऊर्जेचा पट्टा) नसतो, त्यामुळे डिरॅक पॉइंटलाही बऱ्यापैकी प्रवाह वाहतोच. कितीही स्वच्छ ट्रान्सफर केलात तरी हा स्विच नीट बंद होणार नाही. लॉजिकसाठी (चालू-बंद स्विच म्हणून) चॅनेल, म्हणजे प्रवाह वाहणारा थर, हवा असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या: एका थराचा गॅप साधारण १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. (तो थर तीन अणूंचा असतो, मधे मॉलिब्डेनम, दोन्ही बाजूंना गंधक. ‘एका अणूच्या जाडीचा’ म्हणून त्याचं नाव सर्रास घेतात, ते चूक.) ग्राफीनचं बळ सेन्सर, रेडिओ फ्रीक्वेन्सी आणि फोटोडिटेक्टरमध्ये आहे.

+५५ व्होल्ट मात्र खरी अडचण. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर एका व्होल्टला दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण ७.२ × १०^१० वाहक येतात. म्हणजे गेट शून्यावर असतानाच जवळपास ४ × १०^१२ होल (धन प्रभाराचे वाहक) भरलेले आहेत. हवेतलं पाणी, ऑक्सिजन आणि पीएमएमएचा उरलेला चिकटा यांचं हे काम.

उत्तर २
चिरांचं कारण त्या ‘लगेच १५०’मध्ये आहे. ग्राफीनखाली पाण्याचा थर अडकलेला असतो, तो एकदम उकळला की पापुद्रा फाटतो. चिप तिरकी ठेवून पाणी निथळू द्या, तासाभराने ८०–९० अंश, मग १५०. अ‍ॅसिटोनआधी पीएमएमएचा आणखी एक थेंब टाका. जुना थर मऊ होतो, ताण सुटतो आणि ग्राफीन ऑक्साइडला टेकतं. चिरा कमी करायला याहून सोपा उपाय नाही.

परसल्फेट ०.१ मोलर पुरे: १०० मिलिलिटरला २.३ ग्रॅम. घाई म्हणून दाट केलंत तर खाली बुडबुडे येतात आणि तेच फाडतात. धुणं निदान तीनदा, दर वेळी ताज्या डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात.

काळपट तुकडे बहुधा फॉइलच्या मागच्या बाजूच्या ग्राफीनचे. सीव्हीडीत ते दोन्ही बाजूंना वाढतं. तांबं विरघळलं की मागचं ग्राफीन चुरगळून खालून चिकटतं. पीएमएमए लावल्यावर, एचिंगच्या (तांबं विरघळवण्याच्या) आधी, फॉइल पालथी करून मागच्या बाजूला कमी पॉवरचा ऑक्सिजन प्लाझ्मा (ग्राफीन जाळून काढणारा आयनित वायू) द्या.

प्रश्नकर्ता
प्लाझ्मा दिलाच नव्हता. चिकट्यासाठी ३५० अंशांवर आर्गॉन-हायड्रोजनमध्ये अ‍ॅनील करू (तापवून ठेवू) का?

उत्तर १
चिकटा कमी होईल, पण एक फसगत आहे. तापवल्यावर ग्राफीन ऑक्साइडच्या खडबडीत पृष्ठभागाला घट्ट बसतं आणि हवेत काढलं की आधीपेक्षा जास्त होल भरून घेऊ शकतं. मग वाटतं अ‍ॅनीलने बिघडवलं. प्रोब स्टेशनमध्येच (मोजमापाच्या बंद पेटीत) निर्वातात तापवा, थंड होऊ द्या आणि दार न उघडता मोजा. डिरॅक पॉइंट शून्याकडे सरकला तर दोष हवेचा. तसाच राहिला तर संशय चिकट्यावर. गेटचं व्होल्टेज दोन्ही दिशांनी फिरवा: जाता-येतानाच्या वक्रांमधलं अंतरही निर्वातात घटलं, तर बहुधा पाणी होतं.

उत्तर ३
त्याआधी रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट) घ्या. ५३२ नॅनोमीटर लेझरवर ‘जी’ (G) नावाचं शिखर १५८० आणि ‘२डी’ (2D) २७०० सेमी⁻¹ च्या आसपास. एकाच थराला २डी उंच, एकसंध आणि अरुंद असतं. १३५० जवळ ‘डी’ (D) शिखर दिसलं तर जाळीतच दोष आहेत, आणि ते कितीही धुतलं तरी जाणार नाहीत. चिरेपासून दूर, दोन-तीन ठिकाणी मोजा. चिरेच्या काठावर डी येणारच.