मदत हवी आहे : नायगाव, फुले वाडा, आगाखान पॅलेस एका दिवसात होईल का?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमचा बायकांचा वाचनगट आहे, तीसेक जणींचा. त्यात सत्तरी ओलांडलेल्याही आहेत. सध्या सावित्रीबाई फुल्यांविषयी वाचन चाललंय, म्हणून त्यांची घरं प्रत्यक्ष बघायचं ठरलं. रविवार धरलाय, डिसेंबरातला. ३ जानेवारीच्या जयंतीला नायगावला पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे मुद्दाम आधीच.

सकाळी लवकर निघून हायवे सोडायचा आणि शिरवळच्या बाजूने नायगावला जायचं. १८३१ साली सावित्रीबाईंचा जन्म तिथलाच. १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम नऊ वर्षांच्या. तिथून पुणे, गंज पेठेतला फुले वाडा. म्हणजे माहेर सकाळी आणि संसार दुपारी. सासर म्हणत नाही, कारण मुली शिकवायच्या हट्टापायी १८४९ साली सासऱ्यांचं घर सावित्रीबाई आणि त्यांचे पती जोतीराव या दोघांना सोडावं लागलं होतं.

वाड्यात मला घाई अजिबात नकोय. १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, जोतीरावांची समाधी, त्या बुटक्या खोल्या, हे सगळं शांतपणे बघायचंय. समाधीपाशी बसून सावित्रीबाईंच्या एक-दोन कविता वाचायचाही विचार आहे. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढे न्यायचं मडकं) हातात धरून त्या पुढे चालल्या. आमच्यातल्या एक काकू हे वाचून दाखवताना मध्येच थांबल्या होत्या, पुढचं त्यांना वाचवेना. त्यांना तरी तिथे निवांत बसता यावं, एवढी माझी इच्छा आहे.

आता अडचण. गटातल्या काहींचं म्हणणं, पुण्यात जातोच आहोत तर शनिवारवाडा, केसरीवाडा आणि तुळशीबागही उरकू. मी सरळ नाही म्हटलंय. एकाच दिवशी पाच ठिकाणं म्हणजे नुसतं बसमधून चढा-उतरा. पण आगाखान पॅलेस मात्र सोडवत नाही. तिथे १९४२ पासून गांधीजींसोबत कस्तुरबा कैदेत होत्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच गेल्या, समाधीही तिथेच, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधीशेजारी. एका दिवसात सावित्रीबाई आणि कस्तुरबा दोघींच्या वास्तू बघून परतावं, असं फार वाटतं.

पुणेकरांनो, तुम्हीच सांगा. रविवारी दुपारी गंज पेठेतून नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसला पोचायला खरंच किती वेळ धरावा? आगाखान आधी करून वाडा शेवटी ठेवला तर बरं पडेल का? मोठी बस पेठेत आत जाणार नाही हे धरून चाललेय, मग ती उभी कुठे करायची आणि गुडघेदुखीवाल्यांना वाड्यापर्यंत रिक्षा सहज मिळतील का? वाड्यात गटाने बसून वाचायचं तर आधी परवानगी काढावी लागते का, आणि ती कुणाकडे?

नायगावला अलीकडे कुणी गेलं असेल तर तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय कशी आहे तेही कळवा. इतक्या जणींना घेऊन निघायचं तर हे आधी माहीत असलेलं बरं. बसवाल्याला या आठवड्यात पक्कं सांगायचंय.