८५ मिमी एफ/१.४ लेन्स : परत करायच्या मुदतीत काय काय तपासावं?

प्रश्न
फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर ही लेन्स नवी आहे. एफ/१.४ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, चेहरे मऊ (अस्पष्ट) येतात, शटर १/१०० सेकंद असतो. दोष लेन्सचा आहे हे कसं ठरवू?

उत्तर १
दीड मीटरवर एफ/१.४ ला फोकसची खोली (जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो) जेमतेम अडीच सेंटीमीटर. समोरचा जरा डुलला की डोळा फोकसबाहेर गेलाच. आधी माणूस बाजूला ठेवा: ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, समोर छापील कागद. फोकस दर वेळी लांब नेऊन परत आणा, असे दहा फोटो. सगळे धारदार आले तर लेन्स ठीक.

उत्तर २
डीसेंटरिंग, म्हणजे लेन्समधली एखादी काच मध्यापासून सरकलेली असणं, तपासायचं सोडू नका. भिंतीच्या फोटोवरून निष्कर्ष नको. कॅमेरा कणभर तिरका असला तरी एक बाजू मऊ दिसते. लांबची एकच पाटी चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवा, प्रत्येक वेळी तिथेच फोकस करा. एकच कोपरा बिघडलेला असेल तर सरळ परत. चारही सारखेच मऊ असतील तर ती डिझाइनची मर्यादा, बदलून दुसरी घेतली तरी तेच.

उत्तर ३
बोके (मागच्या धूसर भागाचं रूप) बघताना मेकॅनिकल शटर ठेवा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर (शटरचा पहिला पडदा हलत नाही, सेन्सरच सुरुवात करतो) १/२००० च्या आसपास दिव्यांचे गोळे कापल्यासारखे येतात आणि खापर लेन्सवर फुटतं. फोकसच्या पुढे जांभळी, मागे हिरवी कड थोडीफार असणारच.

प्रश्नकर्ता
स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) असताना १/१०० पुरत नाही?

उत्तर १
त्याने तुमचा हात स्थिर होतो, समोरचा माणूस नाही. किमान १/२५० ठेवा.