मदत हवी आहे: ऑटो वायपर कोरड्या काचेवर फिरतात आणि भर पावसात ऑटो हेडलाइट लागत नाहीत

पुढची काच बदलल्यापासून वायपरची दांडी ऑटोवर ठेवली की कोरड्या काचेवरही वायपर मधूनच एक फेरी मारतात. उलट रिमझिम असेल तर काच थेंबांनी भरली तरी ढिम्म. संवेदनशीलतेची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली, फरक शून्य. हाताने लावले तर दोन्ही वेग नीट चालतात, म्हणजे मोटर आणि लिंकेज ठीक असावं.

दुसरं म्हणजे दुपारच्या मुसळधार पावसात हेडलाइट ऑटोवर असूनही लागत नाहीत. बोगद्यात मात्र लगेच लागतात. पावसाचा आणि उजेडाचा, दोन्ही सेन्सर आरशामागच्या एकाच डबीत आहेत. अख्खी डबी बदलावी लागेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

पाना_पक्कड:
डबी बदलू नका, निदान आत्ताच नाही. पावसाचा सेन्सर पाणी 'बघत' नाही. तो काचेत तिरका, साधारण ४५ अंशांत इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. बाहेरची बाजू कोरडी असेल तर तो प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो. थेंब बसला की त्यातला काही बाहेर निसटतो. परतलेला प्रकाश जितका कमी, तितका पाऊस जास्त, असा त्याचा हिशोब.

हा प्रकाश काचेत शिरण्यासाठी सेन्सर आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेलचा पॅड असतो. काच बदलताना जुनाच पॅड परत चिकटवला किंवा नवा बसवताना हवा अडकली की बुडबुडे राहतात. बुडबुडा वाटेत आला की तिथला प्रकाश काचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून थेंब पडले तरी कळत नाहीत. शिवाय उन्हाने तापून बुडबुड्यांचा आकार बदलतो, की सेन्सरला वाटतं पाऊस आला. वायपरची दोन्ही लक्षणं याच एका कारणाने जुळतात. बाहेरून टॉर्च मारून डबीच्या जागी पाहा, बुडबुडे असले तर डोळ्यांना दिसतात.

धागाकर्ता:
पाहिलं. एका कोपऱ्यात तीन-चार बुडबुडे आहेत, एक चांगला वाटाण्याएवढा. सुईने टोचून हवा काढली तर?

पाना_पक्कड:
नको. टोचलेल्या जागी जेल फाटतो आणि धूळ शिरते. नवा पॅडच घ्या, पण त्याच सेन्सरचा. जाडी आणि आकार वेगळा चालत नाही. काही गाड्यांत पॅड सुटा मिळत नाही, तिथे मात्र डबीच घ्यावी लागते.

इग्निशन बंद, दांडी बंदवर. कव्हर काढून प्लग सोडवा, क्लिपा दोन्ही बाजूंनी एकदम उचला. जुना जेल नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोलून काढा, ब्लेड लावू नका. काच आणि सेन्सरचं तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोल व धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. नव्या पॅडच्या चिकट बाजूला बोट लागता कामा नये, ठसाही पुरेसा नडतो. एका कडेने टेकवत दुसऱ्या कडेकडे दाबत न्या, म्हणजे हवा पुढे सरकते. मग बाहेरून परत टॉर्च. काही गाड्यांत यानंतर स्कॅनर लावून सेन्सर नव्याने शिकवावा लागतो. मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

चाचणी फवाऱ्याच्या बाटलीने करा. दांडी ऑटोवर, इग्निशन चालू, आणि हात वायपरच्या वाटेपासून लांब.

धूसर:
हेडलाइटचं उत्तर वेगळं आहे, तिथे काहीही बिघडलेलं नाही. तो सेन्सर फक्त उजेड मोजतो. पावसात समोरचं दिसत नसलं तरी दुपारचं ढगाळ आकाश त्याच्या लेखी भरपूर उजेड असतो. बोगद्यात अंधार होतो म्हणून दिवे लागतात. काही गाड्यांत वायपर थोडा वेळ सलग चालले की हेडलाइट आपोआप लागतात, पण ती सोय सगळ्यांत नसते.

खरा घोटाळा डीआरएलचा, म्हणजे दिवसा आपोआप लागणाऱ्या पुढच्या दिव्यांचा आहे. पुढे पांढरे दिवे दिसतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, म्हणून चालकाला वाटतं दिवे चालू आहेत. अनेक गाड्यांत अशा वेळी टेललाइट बंद असतात आणि मागच्याला तुम्ही उशिरा दिसता. तेव्हा वायपर सतत चालवायची वेळ आली की हेडलाइट हाताने लो बीमवर लावा. हाय बीम नको, थेंबांवरून तो उजेड तुमच्याच डोळ्यांवर येतो.

चौथा_गिअर:
मी तर म्हणेन हॅझर्डही (चारही इंडिकेटर एकदम) लावावेत, मागच्याला लांबून दिसतात.

धूसर:
असहमत. चालत्या गाडीत हॅझर्ड लावले की वळण्याचा इशारा कळत नाही, आणि मागच्याला गाडी उभी आहे की चालते आहे तेही समजत नाही. दिसावं म्हणून मागचा फॉग लॅम्प आहे. तोही पाऊस उघडल्यावर लगेच बंद करा, त्याच्या झगमगाटात ब्रेकलाइट हरवतो.

पाना_पक्कड:
दिवे नीट असूनही गाडी पाण्याच्या थरावर तरंगून रस्त्याची पकड सुटली तर काय उपयोग? साचलेल्या पाण्यात टायर कधी तरंगू लागतो याचं एक ढोबळ सूत्र आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ गुणिले १०.३५, उत्तर ताशी मैलांत. ३२ पीएसआयला ते ताशी सुमारे ९४ किमी येतं, २५ पीएसआयला ८३. म्हणजे हवा कमी तर गाडी लवकर तरंगते. हे सूत्र मुळात विमानाच्या टायरचं. गुळगुळीत झालेल्या रुंद टायरला याहून आधीच धरा. खाचा १.६ मिमीवर कायदेशीर असतील, पावसासाठी ३ मिमीलाच टायर बदलायला घ्या. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर हळूच सोडा, चाकं सरळ ठेवा. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) पावसात बंदच हवा. पुढच्या गाडीपासून ४ सेकंदांचं अंतर ठेवा.

आणि ऑटो वायपर ट्रकच्या फवाऱ्याला जरा उशिरा जागे होतात, कारण सेन्सर काचेचा चिमूटभर तुकडाच बघतो. ओव्हरटेक करण्याआधी हाताने वेग वाढवा.

धागाकर्ता:
नवा पॅड बसवला, फवाऱ्याने तपासलं, वायपर वेळेवर फिरतात. फक्त उतरताना ब्लेड थरथरतं आणि कर्कश आवाज येतो. ब्लेड नवंच आहे.

पाना_पक्कड:
आधी काचेवरचा तेलाचा किंवा वॅक्सचा थर काढा, ब्लेडचं रबरही ओल्या कापडाने पुसा. तरी थरथर राहिली तर वायपरच्या हाताचा (ब्लेड धरणाऱ्या आर्मचा) कोन बिघडला असेल: ब्लेड काढून पाहा, हाताचं टोक काचेला समांतर हवं. ते एका बाजूला तिरकं असेल तर रबर जाताना ओढलं जातं आणि येताना ढकललं जातं, म्हणून एकाच दिशेला आवाज येतो. आणि हो, गाडी धुवायला नेताना दांडी बंदवर. नाहीतर ब्रश फिरत असतानाच वायपर सुरू होतील.