कॅनेडियन रॉक : टॅब एकमेकांशी जुळत नाहीत, ग्राह्य कोणता धरावा?

निपाणीकर

नमस्कार. मी मूळचा निपाणीचा असून सध्या बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात कॅनडाचे ब्रायन ॲडम्स यांचे ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ दर वर्षी कोणी ना कोणी वाजवतेच. त्याच देशातील अन्य संगीतही लोकांच्या कानांवर पडावे, म्हणून या वेळी आम्ही चौघांनी तीन गाणी निवडली आहेत : द गेस हू यांचे ‘अमेरिकन वूमन’, नील यंग यांचे ‘सिनॅमन गर्ल’ आणि रश यांचे ‘वाय वाय झेड’. अडचण अशी की, प्रत्येकाचे दोन-तीन टॅब (कोणत्या तारेवर कितवा फ्रेट, म्हणजे पट्टी, दाबायची हे आकड्यांत लिहिलेली गिटारची स्वरलिपी) मिळतात आणि ते पहिल्या ओळीपासूनच वेगळे असतात. ‘सिनॅमन गर्ल’चा एक टॅब तर जसाच्या तसा वाजवूनही बेसूर लागतो. टॅब कसा पारखावा आणि त्यासाठी कोणते अल्बम आधी ऐकावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीचा गिटारवादक

बेसूर लागतो तोच टॅब बहुधा बरोबर आहे. हे गाणे ‘डबल ड्रॉप डी’ ट्यूनिंगमध्ये आहे, म्हणजे सहावी आणि पहिली या दोन्ही ‘ई’ तारा एक पूर्ण स्वर उतरवून ‘डी’ला लावायच्या. तसे केल्यावर खालच्या तीन मोकळ्या तारांवर डी-ए-डी असा पॉवर कॉर्ड (केवळ षड्ज-पंचमाचा मेळ) आपोआप तयार मिळतो. टॅबमध्ये तिथे केवळ तीन शून्ये (मोकळ्या तारांची खूण) लिहिलेली असतात, आणि गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ठेवून ती वाजवली की ई-ए-डी असे भलतेच काहीतरी ऐकू येते. टॅब लिहिणाऱ्याने माथ्यावर ट्यूनिंग नोंदवले नसेल, तर तो टॅब बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

या गाण्याचा सोलो एकाच स्वराच्या आग्रहासाठी प्रसिद्ध आहे. या ट्यूनिंगमध्ये दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट आणि पहिली मोकळी तार हे दोन्ही ‘डी’च असतात, त्यामुळे एकच स्वर दोन तारांवर घासत वाजवता येतो. हे ध्यानात आले की नेहमीच्या ट्यूनिंगसाठी ‘सोपे करून’ लिहिलेले टॅब का फिके वाटतात, ते कळते. अल्बम म्हणाल तर 1969 चा ‘एव्हरीबडी नोज धिस इज नोव्हेअर’ ऐका. क्रेझी हॉर्स या साथीदारांसह नील यंग यांनी केलेला तो पहिला अल्बम होय. त्यात डॅनी व्हिटन यांची दुसरी गिटार आहे, तेव्हा तुमच्यातील दोघांनीही गिटार घ्यावी. एकाच टॅबमध्ये दोन्ही गिटारी कोंबलेल्या असतील, तर त्या आधी वेगळ्या करून घ्या.

कॅम्पातला जुना श्रोता

‘अमेरिकन वूमन’च्या टॅबमधील फरकाचे कारण अल्बमच्या इतिहासातच आहे. 1970 च्या अल्बममध्ये हे गाणे ॲकूस्टिक गिटारवरील संथ ब्लूजने सुरू होते आणि मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) त्यानंतर येतो, परंतु रेडिओसाठी काढलेल्या सिंगलमध्ये ती सुरुवात कापलेली आहे. म्हणजे तुमच्याकडचे दोन्ही टॅब खरे असू शकतात. रिफचा जन्मही मोठा रंजक आहे. ऑन्टारिओतील एका कार्यक्रमात बँडचे गिटारवादक रँडी बॅकमन तार बदलून गिटार लावत असताना तो त्यांच्या हाताला लागला आणि गायक बर्टन कमिंग्ज यांनी रंगमंचावरच त्यावर शब्द रचले, असे या मंडळींनी स्वतःच सांगितले आहे. व्हायोलिनसारखा लांबत जाणारा बॅकमन यांच्या लीड गिटारचा आवाज मात्र कोणत्याही टॅबमध्ये सापडणार नाही, कारण तो विनिपेगचे गार गिलीज यांनी बनवलेल्या ‘हर्झॉग’ नावाच्या प्रीअँपचा (अँपच्या आधी जोडायच्या यंत्राचा) आहे. तुमच्या पेडलवर फझ (आवाज खरखरीत करणारा परिणाम) ठेवा, टोन कमी करा, म्हणजे बरेचसे जवळ जाता येईल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. कॅनडातील रेडिओ केंद्रांवर 30 टक्के संगीत स्वदेशी असावे हा नियम 1971 मध्ये लागू झाला आणि तिथले बँड केवळ त्याच्या जोरावर वर आले, असे काही जण म्हणतात. हे गाणे मात्र त्याआधीच, 1970 मध्ये, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते.

शहापूरचा तबलजी

गिटारमधले मला फारसे कळत नाही, पण ‘वाय वाय झेड’बद्दल लिहितो, कारण माझ्या मते तिथे टॅबपेक्षा मात्रा आधी बसवायला हव्यात. वाय वाय झेड हा टोरांटोच्या विमानतळाचा संकेत असून सुरुवातीची लय म्हणजे त्या अक्षरांचा मोर्स कोड आहे. डॅशला दोन आणि डॉटला एक असे वजन धरा. (तारायंत्रात डॅश तीन डॉटांचा असतो, इथे तो दोनाचा केला आहे.) वाय म्हणजे डॅश-डॉट-डॅश-डॅश, बेरीज सात, पुन्हा वाय, पुन्हा सात, झेड म्हणजे डॅश-डॅश-डॉट-डॉट, बेरीज सहा. एकूण वीस, म्हणजे दोनांची एक मात्रा धरल्यास दहा. मात्रा झपतालाइतक्याच, पण विभाग साडेतीन, साडेतीन आणि तीन असे पडतात. हाताने झपताल धरून पाहा : सम जुळेल, आठव्या मात्रेच्या टाळीवर झेड नेमका येईल, आणि मधला दुसरा वाय मात्र चौथ्या मात्रेच्या अर्ध्यातून उठेल. चुकतात ते सगळे तिथेच चुकतात. स्वर दोनच आहेत, सी आणि एफ शार्प. पांढरी एकला षड्ज मानला तर सा आणि तीव्र मध्यम.

रचना गेडी ली आणि नील पिअर्ट यांची, म्हणजे बेस आणि ड्रम्सवाल्यांची आहे. तेव्हा तालीम त्या दोघांपासून सुरू करा, गिटार नंतर येऊ द्या.

निपाणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झपतालाची युक्ती आजच करून पाहिली, ड्रम्सवाला मित्र थक्क झाला. दोन शंका उरल्या आहेत. ‘डी’ला उतरवलेली सहावी तार सैल पडून खडखडते, त्यावर उपाय काय? आणि रशचे अल्बम कोठून सुरू करावेत?

टिळकवाडीचा गिटारवादक

तारांचा नऊचा सेट (आकडा तारांच्या जाडीचा) असेल तर दहाचा बसवा, जाड तार उतरवूनही ताण धरते. शिवाय ‘सिनॅमन गर्ल’ क्रमात अगदी पहिले किंवा अगदी शेवटचे ठेवा, म्हणजे श्रोत्यांसमोर एकदाच ट्यूनिंग बदलावे लागेल. रशसाठी 1975 चा ‘केरेस ऑफ स्टील’ एकदा ऐका. तो फारसा खपला नाही, कंपनीने छोटी गाणी करण्याचा आग्रह धरला आणि रशच्या तिघांनी उलट 1976 च्या ‘2112’ अल्बमच्या तबकडीची अख्खी पहिली बाजू एकाच सात भागांच्या रचनेला देऊन टाकली. त्यातील तिसऱ्या भागात नायकाला गिटार सापडते आणि ती लावत लावत तो शिकतो; नवशिक्याने तो भाग जरूर वाजवावा. तिथून 1980 चा ‘पर्मनंट वेव्ह्ज’ आणि मग ‘वाय वाय झेड’ असलेला 1981 चा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ ऐका. हे दोन्ही क्वेबेकमधील मोरिन हाइट्सच्या ल स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले असल्याने लागोपाठ ऐकावेत. आणि पावसाळ्यात तालमी करणार असाल, तर बेळगावच्या दमट हवेत नव्या तारा लवकर गंजतात, म्हणून कार्यक्रमासाठीचा तारांचा सेट फक्त आठवडाभर आधी उघडा, त्यापूर्वी नको.